बंद करायचाय? मग आधी चालू करा

काल विद्यापीठात जाऊन आलो. येऊन-जाऊन एसटीचा पाच तासांचा प्रवास, पाठ अजून धरलेली आहे, आणि काम झालं नाही हे वेगळं सांगायला नको. काम काय, तर आमच्या कॉलेजचा एम.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स बंद करायचाय आणि त्याला विद्यापीठाची परवानगी पाहिजे. नाही असं कोणी म्हणत नाही हं. सगळे हो हो म्हणतात, फक्त टेबल बदलतं. (विद्यापीठाचं नाव सांगत नाही. आमचं संलग्नीकरण अजून तिथंच आहे.)

कोर्स २००८ ला सुरू झाला, विनाअनुदानित, क्षमता २४. पहिल्या वर्षी चोवीसच्या चोवीस जागा भरून वर वेटिंग लिस्ट. मग १९, मग ११, कोविडनंतर ६, मग २, मग १, आणि गेली दोन वर्षं निरंक. 'निरंक' हा शब्द मला फार आवडतो, शून्य लिहायला लाज वाटते तिथे सरकारी माणूस निरंक लिहितो. मी या कोर्सचा कोऑर्डिनेटर, म्हणजे ज्याला वेगळा पगार नाही पण प्रत्येक पत्राखाली ज्याची सही लागते तो. प्राचार्य म्हणाले, "सर, तुम्हीच जाऊन या, तुम्हाला विषय माहितीय." विषय मला माहितीय, ओहमचा नियम वगैरे. संलग्नता विभागात तो लागू होत नाही, तिथे रेझिस्टन्स कितीही असू शकतो आणि करंट नसतोच.

खिडकीवर मॅडम होत्या. चांगल्या होत्या, खोटं कशाला बोला. फाईल उघडली, दोन पानं उलटली आणि म्हणाल्या, "सर, यावर्षीचं सातत्य कुठाय?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोर्सला दरवर्षी संलग्नतेचं सातत्य घ्यावं लागतं, म्हणजे फी भरायची, प्रस्ताव टाकायचा, आम्ही अजून जिवंत आहोत असं कळवायचं. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यासारखं.

"मॅडम, मुलंच नाहीत, म्हणून यावर्षी भरलं नाही."

"मग सिस्टीमला तुमचा कोर्स चालू दिसत नाही."

"बरोबर आहे. बंदच करायचाय."

"अहो सर, चालूच नाही तो बंद कसा करणार?"

मी हसलो, मला वाटलं गंमत करतायत. त्या हसल्या नाहीत. मग त्यांनी शांतपणे सगळं समजावलं, की आधी सातत्याची फी भरा, मुदत गेलीय म्हणून विलंब शुल्क भरा, मग एलआयसी, म्हणजे स्थानिक चौकशी समिती, येईल, ती कोर्स चालू आहे असा रिपोर्ट देईल, त्यानंतर तुम्ही बंद करण्याचा प्रस्ताव टाका, मग बंद करायला दुसरी समिती येईल. "म्हणजे एक समिती चालू आहे म्हणणार आणि दुसरी का चालू नाही ते विचारणार?" असं मी विचारलं. "दोन्ही समित्यांचा टीए-डीए कॉलेजनं करायचा," एवढंच उत्तर आलं.

हीच एलआयसी २००८ ला परवानगीसाठी आली होती तेव्हा लॅब दारातूनच बघितली होती, अर्ध्या तासात रिपोर्ट, मग श्रीखंड-पुरी, शाल-श्रीफळ. सुरू करायला एक दुपार लागली. बंद करायला मला आता ही तिसरी खेप.

आणि न्यायाने बोलायचं तर नियम मुळात वाईट नाही. २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा आहे, त्यात कॉलेज बंद करायचं तर टप्प्याटप्प्यानं करा असं आहे, आधी पहिल्या वर्षाचे प्रवेश थांबवा, आत असलेल्या पोरांचं शिक्षण पूर्ण होऊ द्या, मग कुलूप लावा. योग्यच आहे ते. नाहीतर संस्थाचालक रात्रीतून कुलूप लावून मोकळे आणि पोरं सकाळी गेटवर, असं व्हायला वेळ लागत नाही. पण तोच अख्खा प्रोफॉर्मा आमच्यासारख्या निरंक कोर्सलाही. बंद करण्याची कारणं, महाविद्यालय विकास समितीचा ठराव, उपकरणांची मूळ किंमत आणि आजचा बाजारभाव, मिळालेली अनुदानं, शिक्षकांचं समायोजन, स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र (शंभराचा गेला, आता पाचशेचा), आणि शेवटी, प्रवेशित विद्यार्थ्यांची ना-हरकत. प्रवेशित विद्यार्थी निरंक. मग निरंक लोकांची ना-हरकत कुणाच्या सहीनं आणू?

मॅडम म्हणाल्या, "दीड वाजलाय, जेवणानंतर बघू."

बाहेर बाकावर बसलो. शेजारी एक गृहस्थ होते, साठीचे, पांढरी टोपी, सफारी, मांडीवर लाल फडक्यात बांधलेलं फायलींचं गाठोडं. नाव 'आप्पा' एवढंच सांगितलं, दुसऱ्या तालुक्यातल्या कुठल्याशा संस्थेत ऑफिसचं सगळं बघतात.

"काय काम काढलं सर?"

"एम.एस्सी. बंद करायचाय."

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. खरंच काढली. थोडा वेळ कोणी काही बोललं नाही.

"कितव्या वर्षी?"

"सतराव्या."

"अरारारा. ऐन उमेदीत." मग खालच्या आवाजात, "काय झालं हुतं?"

"पोरं येईनात."

"हां. त्योच आजार. आमच्याकडं बी.ए.ला पण लागलाय." मान हलवली. "शेवटाला कोण हुतं जवळ?"

आता हे असं विचारल्यावर माणूस तसंच उत्तर देतो, माझा आवाजही आपोआप खाली आला. म्हणलं, एकच मुलगा होता. आता पुण्यात असतो, एमपीएससीचा अभ्यास करतो. डीएसपीचा, म्हणजे डिजिटल सिग्नल प्रोसेसिंगचा, पेपर राहिलाय त्याचा.

आप्पा एकदम ताठ बसले आणि टोपी परत डोक्यावर घातली. "राहिलाय? मग सर, गेल्याला नाही अजून. धुगधुगी आहे."

"अहो आप्पा, एक बॅकलॉग आहे फक्त."

"म्हणजे श्वास चालू आहे की! ह्या लोकांना कळलं तर ते तुम्हाला हात लावू द्यायचे नाहीत." त्यांनी खिडकीकडे बघितलं आणि आवाज आणखी खाली आणला. "सांगितलं तर नाही ना आत?"

सांगितलं होतं. प्रस्तावात पान चारवर लिहिलंय, प्रामाणिकपणे, ठळक अक्षरात. आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की जसं काही मी स्वतःच्या हातानं व्हेंटिलेटर लावून आलोय.

मग डबा उघडला. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. "घ्या, दुखाच्या घरचं माणूस उपाशी ठेवू नये," म्हणाले, आणि मी घेतलं, कारण विद्यापीठाच्या कॅन्टीनचा वडा मी सकाळी बघितला होता. खाताना विचारलं, तुमचं काय काम? म्हणाले, नवीन कोर्सचं. अध्यक्षसाहेबांच्या वडिलांच्या नावानं एम.एस्सी. काढायचाय.

"कुठल्या विषयात?"

"इलेक्ट्रॉनिक्स."

दशमी घशात अडकली. आमच्यापासून अडतीस किलोमीटर! म्हणलं, आप्पा, मी सतरा वर्षं चालवून आलोय, पोरं नाहीत हो, बी.एस्सी.लाच इलेक्ट्रॉनिक्स कोणी घेत नाही, सगळे कम्प्युटर सायन्स नाहीतर बीसीए, बाकीचे इंजिनिअरिंगला. पोरं कुठून आणणार?

"पोरं येतील न येतील, तो पुढचा विषय. बृहत् आराखड्यात आमच्या तालुक्याला स्थानबिंदू दाखवलाय. बिंदू आल्याला आहे म्हणल्यावर सोडायचा का?"

(बृहत् आराखडा म्हणजे कुठल्या भागात कुठला कोर्स काढता येईल याचा विद्यापीठाचा आराखडा, स्थानबिंदू म्हणजे त्यात दाखवलेली जागा.) जसं पंक्तीत वाढलेलं टाकू नये.

मग त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली, पेनाचं टोपण दातानं उघडलं आणि विचारलं, "सामान कुणाला देणार?"

"कुठलं सामान?"

"त्येचं." म्हणजे मयताचं. "सीआरओ किती हायेत?" (सिग्नल घेणारी वायर, म्हणजे प्रोब, लावली की विजेची लाट पडद्यावर रेघेत दाखवतं ते यंत्र.)

"सहा. चार चालतात."

"८०८५ चे किट?"

"बारा. आप्पा, तो १९७६ चा प्रोसेसर आहे."

"जुनं टिकाऊ असतं. सोल्डरिंग गन? मल्टिमीटर? स्टुलं लाकडाची का लोखंडाची?" सगळं लिहून घेतलं. मग जरा थांबून, "पाटी काढणार असाल ना?"

"पाटी?"

"'पदव्युत्तर इलेक्ट्रॉनिक्स विभाग' असंच असंल की. आम्हालाबी तेच ल्ह्यायचंय. वर संस्थेचं नाव आहे?"

"आहे."

"ते खोडू."

मला हसू यायला पाहिजे होतं, आलं नाही. अजून दहावं नाही झालं आणि घरात कोण परातीला हात लावतंय, कोण तांब्याला, असं वाटलं. त्यातला एक सीआरओ मी स्वतः टेम्पोत मांडीवर घेऊन आणलाय. पहिल्या बॅचच्या पोरांनी दिवाळीच्या सुट्टीत लॅबमध्ये बसून एफएम ट्रान्समीटर बनवला होता, त्याच्यावरून शिपाई मामांना गाणं ऐकवलं, मामा रेडिओच्या मागे जाऊन बघत होते कोण बोलतंय. हे कुठल्या रकान्यात लिहायचं? मूळ किंमत की बाजारभाव?

आणि त्या पोरांचं झालं काय तेही सांगतो, विषय निघालाच आहे तर. आमच्या पहिल्या बॅचचा एक मुलगा, नेट झाला, सेट झाला, आमच्याकडेच तासिका तत्त्वावर लागला. सीएचबी. तासाला पैसे, सुट्टीत पैसे नाहीत, दरवर्षी नवा अर्ज, नवी मुलाखत, त्याच खुर्चीसाठी. घरचे विचारायचे प्रोफेसर झालास तर पोरगी बघू का, हा म्हणायचा थांबा. नऊ वर्षं थांबला. आता सोलर पॅनल बसवतो, परवा भेटला तर मलाच चहा पाजला आणि बिल देऊ दिलं नाही. प्रोफॉर्म्यात 'शिक्षकांचं समायोजन' असा रकाना आहे ना, तिथे काय लिहू? छपरावर? पोरं का येत नाहीत म्हणून दोन-दोन समित्या विचारणार. पोरं आंधळी नाहीत, त्यांनी आम्हाला बघितलंय, एवढं कारण पुरत नाही का?

असो. आप्पा तोवर सल्ल्यावर आले होते. "माझं ऐका, बंद करूच नका. सातत्य भरत ऱ्हावा, अॅडमिशन निरंक दाखवा, निवांत. आमचे तीन कोर्स तसेच हायेत, निजवून ठिवलेत. बंद केला की उगं बोभाटा हुतो."

"मग आमचं सामान कसं मिळणार तुम्हाला?"

आप्पा विचारात पडले. हा पेच त्यांच्या लक्षात आला नव्हता. "मग करा बंद," म्हणाले.

अडीचला संपणारं जेवण संपून सव्वातीनला खिडकी उघडली. मॅडमनी पान चार वाचलं. "सर, हा एक बॅकलॉग आहे ना, मग विद्यार्थी निरंक कसे? याची ना-हरकत आणा. आणि याची मुदत संपेपर्यंत परीक्षा घ्यायची हमी द्या." मागून आप्पांचा 'च्च' असा आवाज आला.

तिथूनच पुण्याला फोन लावला. पोरगा लायब्ररीत होता, कुजबुजत बोलला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे सर, सध्या मी एकटाच? मग मी टॉपर का?" म्हणलं हो बाबा, टॉपरही तूच आणि नापासही तूच, सही करून पाठव. म्हणाला, पाठवतो, पण सर, कोर्स बंद होणार असेल तर तो पेपर देऊन टाकू का एकदाचा? मला सांगता येईना. इतके दिवस ज्या पेपरला बसला नाही त्याला आता बसला आणि परत नापास झाला तर आम्ही सगळेच अडकणार. शिक्षक म्हणून काय बोलायला पाहिजे ते मला माहीत आहे. मी म्हणलं, "रेंज नाहीये रे, नंतर बोलू."

बाजारभावाचं तर मॅडमनीच सांगितलं, व्हॅल्युअरचा दाखला जोडा. आमच्या गावात व्हॅल्युअर म्हणजे भंगारवाला, तो किलोवर भाव लावतो आणि लेटरहेड मागितलं की सायकलवर बसतो. शेवटी म्हणलं, निदान हा प्रस्ताव इनवर्ड तरी करून घ्या, तारीख पडू दे. आवक-जावकवाल्यानं फाईल हातात घेऊन वजन केल्यासारखी वर-खाली केली आणि परत दिली. कव्हरिंग लेटर 'मा. संचालक, बीसीयूडी' (महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळ) यांच्या नावानं आहे. ते पद नव्या कायद्यात नाही. मी म्हणलं, अहो, तुमच्या या जिन्यात पाटी आहे बीसीयूडी म्हणून, ती बघूनच लिहिलं! तो म्हणाला, "पाटी काढायचा प्रस्ताव पेंडिंग आहे."

म्हणजे आता चौथी खेप.

आज सकाळी आप्पांचा फोन. नंबर मी दिला नव्हता, पान एकवर असतो, त्यांनी खिडकीतून बघून घेतला असणार. "सर, ते चार सीआरओ चालतात म्हणालात, ते बघितलंत कधी? का नुसतं रजिस्टरला चालतात?"

मला राग आला. तसाच लॅबला गेलो, किल्ली मामांकडे, मामा रजेवर, मग डुप्लिकेट किल्ली, मग कुलूप गंजलेलं. आत टेबलावर बोटभर धूळ. आप्पा तोवर फोनवरच. कोपऱ्यातला, मांडीवर आणलेला तो लावला. मिनिटभर काहीच नाही. मग हिरवी रेघ आली, जरा थरथरत होती, फोकसचं बटण फिरवल्यावर थांबली.

"चालतोय," मी म्हणलं.

"बरं झालं. प्रोब आहे का संगं? प्रोब नसंल तर पाचशे कमी हुतील बरं का."