एका ओव्हरला एक पोळी

डोंबिवलीच्या आमच्या घरात स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधली भिंत पाडली, तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं की उजेड येईल. आलाही. पण खरं कारण असं की आता ओट्याशी उभं राहून टीव्ही सरळ दिसतो. मला क्रिकेटचं वेड आहे आणि संध्याकाळच्या पोळ्या माझ्याकडे आहेत. या दोन गोष्टींचं जुळवायला मला लग्नानंतर एक अख्खी आयपीएल लागली.

हिशोब असा होता. पोळी लाटायला नजर लागते, भाजायला नाक पुरतं. ओव्हर संपून जाहिराती लागल्या की लाटायला घ्यायची, पुढच्या ओव्हरच्या पहिल्या चेंडूला तव्यावर, तिसऱ्या चेंडूला खाली. उरलेले तीन चेंडू मी निव्वळ रसिक. वीस ओव्हरच्या मध्ये एकोणीस फटी, म्हणजे एकोणीस पोळ्या. आमच्याकडे चौदा पुरतात. उरलेल्या पाच फटींत दूध, कुकर, कोथिंबीर. विकेट पडली तर ती वरकड कमाई. चौदा पोळ्यांना दीड तास कसा लागतो, हा प्रश्न सासूबाईंनी पहिली काही वर्षं विचारला, मग सोडून दिला.

२००९ साली निवडणुकांमुळे आयपीएल दक्षिण आफ्रिकेत गेली, आणि डावाच्या मध्यावर साडेसात मिनिटांची ‘स्ट्रॅटेजी ब्रेक’ नावाची सुट्टी निघाली. खेळाडूंनी त्यात काय डावपेच आखले देव जाणे, मी रोज वरणाला फोडणी घालून घेतली. पुढच्या वर्षी तिचे अडीच-अडीच मिनिटांचे तुकडे झाले, डावात दोन. अडीच मिनिटांत कोशिंबीर होते. एकंदरीत जाहिरातींशी माझं भांडण नव्हतं. त्यांच्या पैशावर मॅच आणि त्यांच्या वेळात पोळ्या, असा सगळा चोख व्यवहार होता.

व्यवहार मोडला तो त्यांनी.

आधी त्यांनी ओव्हरचा पहिला चेंडू खाल्ला. मी पोळी तव्यावर टाकून वर बघावं, तर बनियन घातलेला माणूस गुंडांना लोळवतोय, आणि परत मैदानावर येईपर्यंत चेंडू सीमेपार. मग शेवटचा चेंडू जायला लागला. यष्टिरक्षकाच्या हातात तो पुरता बसायच्या आत सिमेंट. विकेटचं तर विचारूच नका. स्टंप उडालेला दिसतो, फलंदाजाचं तोंड दिसायच्या आधी कर्ज देणारं ॲप. इनस्विंग होता की आत ठेवलेला यॉर्कर, हे कळायला एक कर्ज, दोन टायर आणि एक मसाला पार करावा लागतो.

हेही मी सोसलं असतं. पण मग ओव्हर चालू असतानाच पडदा आक्रसायला लागला. गोलंदाज रनअपच्या टोकाशी वळतोय, तेवढ्यात मैदान दचकून वरच्या कोपऱ्यात जातं आणि डाव्या कडेला व खाली पाण्याचे पाईप उगवतात. मला वाटतं ओव्हर संपली. मी लाटायला घेते. मान वर करते तो झेल सुटलेला. तीस वर्षांचा हात, पण त्या दिवशी पोळीचा नकाशा झाला. नवरा म्हणाला, “श्रीलंका छान जमलीय.”

माझा भाचा वकील आहे. तो एकदा जेवायला आला असता सांगत होता की १९९४ च्या केबल नियमांत स्पष्ट लिहिलंय, जाहिरात कार्यक्रमापासून वेगळी ओळखू आली पाहिजे आणि पडद्याच्या खालच्या भागात पट्टी चालवून तिने कार्यक्रमात लुडबुड करता कामा नये. तासाला बारा मिनिटांची मर्यादाही त्याच नियमांत आहे. तो हे सांगत असताना पडद्याच्या खालच्या भागातून एक टायर गडगडत डावीकडून उजवीकडे गेला. भाच्याने कोशिंबीर वाढून घेतली.

खरं तर मी तक्रार करावी हा अन्याय आहे, कारण क्रिकेट आणि जाहिरात वेगळी असू शकतात हे मला लहानपणी कुणी सांगितलंच नव्हतं. सांगलीला आमच्या घरी रेडिओवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन लागायचं, तेवढा काळ सोडला तर सगळं प्रायोजितच. १९८५ साली मेलबर्नला रवी शास्त्रीला ऑडी मिळाली आणि अख्खी टीम तिच्यावर चढून मैदानभर फिरली. ती स्पर्धा एका सिगारेटची होती. त्यानंतर रिलायन्स कप, हिरो कप, टायटन कप. १९९६ चा वर्ल्ड कप पुन्हा सिगारेटचा. शारजात सचिनने १९९८ साली ऑस्ट्रेलियाला धुतलं तो कप कोका-कोलाचा. कपात काय आहे ते नावावरूनच कळायचं.

आयपीएलने एवढंच केलं की कपाबरोबर आतला मालही विकला. सुरुवातीच्या वर्षांत षटकार मारला की समालोचक ‘डीएलएफ मॅक्सिमम’ म्हणायचे. डोंबिवलीकरांना कशावरही बिल्डरचं नाव बघायची सवय आहे, पण षटकारावर? २०१० साली मैदानावर एमआरएफचा हवाई फुगा आला आणि समालोचक खेळ सोडून त्याच्या सौंदर्यावर बोलायला लागले. फुग्याला मी माफ केलं. ते नाव सचिनच्या बॅटवर वाचत आम्ही मोठे झालो.

आता सासूबाई. त्यांना क्रिकेट कळत नाही, कळून घ्यायचंही नाही. त्या मॅचला बसतात जाहिरातींसाठी. पांढऱ्या, अंड्यासारख्या डोक्याच्या झूझूंपासून हे सुरू झालं. त्या पोशाखांच्या आत खरी माणसं असतात हे त्यांना मी कितीदा सांगितलं, त्यांना अजून पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, जाहिरातीत घर असतं, सुना असतात, गोष्ट असते, आणि ती संपते. “तुझ्या त्या खेळात नुसतं तेच तेच. टाकला, मारला, आणला.” वेलचीच्या जाहिरातीवर मात्र त्यांचा राग आहे. पानमसाल्याचं नाव आणि वेलचीचा डबा ही भानगड त्यांना मी समजावून सांगितली, पण त्यांचा मुद्दा वेगळाच होता. “एक वेलदोडा खायला हेलिकॉप्टर? आम्ही श्रीखंडात चार दाणे घालतो, कुणाला कळतही नाही.”

लाटताना पडद्यावर लक्ष ठेवायचं काम मी त्यांना दिलं, ही माझी चूक.

“आई, काय झालं? ओरडले का सगळे?”

“पाईप फुटला.”

“मॅचमध्ये, आई.”

“ते नाही दाखवलं.”

आणि हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की विकेट पडली की जाहिराती येतात. तेव्हापासून त्या विकेटच्या बाजूने आहेत. कुणाची का असेना. रोहित शर्मा रंगात आलेला असतो, मी हातातलं लाटणं उंचावलेलं असतं, आणि मागून आवाज येतो, “पडू दे बाई एक विकेट, त्या मुलीच्या नोकरीचं अर्धंच राहिलंय.”

एकदा मी त्यांच्यावर छाप पाडायला आकडे सांगितले. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटींना गेले. म्हणजे एका मॅचमागे साधारण ११८ कोटी. एका मॅचमध्ये २४० चेंडू धरले तर चेंडूला ४९ लाखांच्या आसपास. सासूबाईंनी थोडा वेळ विचार केला. “तो मघाशी एकाने लांबून टाकला, अंपायरने हात पसरले, तो परत टाकावा लागतो ना?” हो म्हटलं. “मग तो फुकटात.” त्या दिवसापासून वाइड पडला की त्यांना बरं वाटतं.

गेल्या मोसमातला एक रविवार. साडेतीनची मॅच, दोन्ही टीम आमच्या नाहीत, तरी शेवटच्या ओव्हरपर्यंत आली. चौदावी पोळी लाटून झालेली. मी टीव्ही सोडून मोबाइल डब्याला टेकवून ठेवला होता, कारण मोबाइलवर पडदा आक्रसत नाही, असं नवऱ्याने सांगितलं होतं. त्याने हे सांगितलं नव्हतं की मोबाइल मागे असतो. शेवटच्या चेंडूला दोन हवे होते. माझा गोलंदाज अजून चेंडू पुसतोय आणि खालच्या मजल्यावर आरडाओरडा झाला. कसला ते कळेना. एक गट आनंदाने ओरडला, लगेच दुसरा, मग सगळे गप्प.

“आई, टीव्हीवर काय झालं?”

सासूबाई पुढे सरसावून बसल्या होत्या. अख्ख्या मोसमात मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

“बरोबरी झाली म्हणे. आता परत खेळणार, एकेक ओव्हर. आणि तोवर बघ,” त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं, “सगळ्या ओळीने लावल्यात.”

मी परातीत पाहिलं. कणीक संपली होती. त्यांनीही मान वळवून पाहिलं.

“भिजव अजून दोन पोळ्यांची,” त्या म्हणाल्या.