तुरीचे दोन तास

सोसायटीच्या रविवारच्या बाजारात आज मामाची सेंद्रिय तूरडाळ घेऊन बसले होते आणि डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबेल, पण वाचा.

एक बाई आल्या, डाळ हातात घेऊन वास घेतला, छान आहे म्हणाल्या. मी पीजीएसचं (शेतकऱ्यांचा गटच एकमेकांची शेती तपासून सेंद्रिय ठरवतो, ती पद्धत) सर्टिफिकेट पुढे केलं तर म्हणे, हे तर शेतकऱ्यांनी एकमेकांना दिलेलं, याला काय अर्थ, 'इंडिया ऑर्गॅनिक'चा शिक्का कुठाय? आणि पिशवी ठेवून गेल्या.

अहो, एकमेकांना तपासायचं हीच तर ती पद्धत आहे! सरकारनेच 2011 मध्ये सुरू केलेली. किमान पाच शेतकऱ्यांचा गट करायचा, एकमेकांच्या वावरात जाऊन बघायचं, नोंदी ठेवायच्या, एजन्सीची फी नाही. तुम्ही मागता तो शिक्का एक्सपोर्टला लागतो, त्याला बाहेरची एजन्सी येते, आणि चार एकरवाल्याला एकट्याला तो खर्च झेपत नाही. आणि छोट्या शेतकऱ्याने थेट ग्राहकाला विकलं तर एफएसएसएआयच्या (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) 2017 च्या नियमात सर्टिफिकेटची सक्तीच नाहीये, तरी मामाने ते काढलंय.

मामाची एक निळी वही आहे. वाशिमकडे चार एकर. जीवामृत (शेण-गोमूत्राचं खत) कधी सोडलं, दशपर्णी (झाडपाल्याचा अर्क) कधी फवारली, सगळं त्यात, सातवी शिकलेल्या माणसाच्या मोठ्ठ्या अक्षरात. गेल्या पावसाळ्यात शेजारच्याने सोयाबीनवर फवारा मारला आणि वाऱ्याने तो धुरा (म्हणजे बांध) ओलांडून आला. कोणी पाहिलं नव्हतं. मामाने स्वतः वहीत लिहिलं, धुऱ्याकडच्या तुरीच्या दोन तासांवर औषध आलं (तास म्हणजे ओळी, पुण्यातल्या मित्रांसाठी सांगतेय). त्या दोन तासांची तूर वेगळी कापली, वेगळी झोडपली, आणि साध्या भावात आडत्याला दिली. मामी चिडली होती. तर म्हणाला, "वहीत लिवलं अन् पोत्यात मिसळवलं, तं वही कायले ठेवू?"

असं कोणती एजन्सी पकडणार होती, सांगा ना.

बरं, खोटं ऑर्गॅनिक विकणारे आहेत, गटात मित्रामित्रांत सांभाळून घेणारेही असतील, तपासणी हवीच, मान्य. पण सगळा संशय चार एकरवाल्यावर आणि मॉलमधल्या चकचकीत पाकिटाला कोणी एक प्रश्न विचारत नाही, हे मला सहन होत नाही.

आणि सर्टिफिकेट मिळालं म्हणून झालं काय? मार्केट यार्डात सेंद्रिय तुरीचा वेगळा ढीग लागत नाही, तिथे ओलावा बघतात आणि भाव बोलतात. गावाकडची मिल म्हणते एवढ्याशा तुरीसाठी मशीन साफ करून देणार नाही, आधी माल वाढवा. त्याआधीची 'पीजीएस-ग्रीन'ची, म्हणजे पूर्ण सेंद्रिय ठरण्याआधीची वर्षं तर विचारूच नका, रासायनिक सोडलंय, उतारा घटलाय, आणि भाव तोच. शिबिरं घेऊन, फॉर्म भरून, फोटो काढून सगळे जातात, गिऱ्हाईक कोण शोधून देणार? गटाची तूर एकत्र करून एकदाच भरडली, पुण्यातल्या दहा सोसायट्यांनी पेरणीच्या आधीच किलो बुक केले, तर मामाला ट्रॅव्हल्सच्या डिकीत पोती टाकून माझ्याकडे पाठवावी लागणार नाहीत. एवढं साधं आहे हो. आपल्याला जमण्यासारखं आहे.

रात्री मामाचा फोन आला. किती गेली? मी म्हटलं, चौदा किलो. त्या बाईंचं सांगितलं. मला वाटलं चिडेल. तर म्हणाला, "त्याइले त्या दोन तासाइचं सांगतलं का?"

नाही सांगितलं. मी नुसती सरकारी नियमांवरून भांडत बसले.

अजून सव्वीस किलो गॅलरीत आहे. मामाला सांगितलंय, पुढच्या खेपेला पोत्याबरोबर वही पण पाठव. बाई, तुम्ही हे वाचत असाल तर परत या, आपण बसून पानं बघू.