नॉर्मा बेट्सला तिचं आयुष्य मिळालं तेव्हा

जुन्या गाजलेल्या भयपटावरून मालिका येतेय म्हटलं की 'कशाला हात लावताय?' असं बहुतेकांच्या तोंडून निघतं. यामागची भीती मला समजते. पण 'सायको'वरून निघालेली 'बेट्स मोटेल' पाहिल्यापासून माझं मत पक्कं आहे: अशी मालिका जरूर करावी, फक्त सिनेमानं ज्या माणसाला तोंडच उघडू दिलं नाही, त्याच्यापासून ती सुरू करावी. (पुढे दोन्हींचे शेवट उघड करणार आहे. पाहायचं राहिलं असेल तर इथेच थांबा.)

हिचकॉकचा 'सायको' १९६०चा. त्याची सगळी ताकद लपवण्यात आहे. जिला नायिका समजून आपण तिच्यासोबत निघतो, ती जेनेट ली अर्धा सिनेमा व्हायच्या आतच शॉवरखाली मारली जाते. हे दृश्य पडद्यावर मिनिटभरही चालत नाही, पण त्याच्या चित्रीकरणाला आठवडा लागला होता. सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, असा हिचकॉकचा दंडक होता. असा धक्का एकदाच देता येतो. १९९८ साली गस व्हॅन सँटनं जवळपास शॉटला शॉट लावून रंगीत 'सायको' काढला. चौकट तीच, संगीत तेच, पण धक्का गायब.

मग मालिकेनं करायचं काय? मोटेल चालवणाऱ्या नॉर्मन बेट्सची आई मेलेली आहे आणि खून तो स्वतःच करतो, हे आता सिनेमा न पाहिलेल्यांनाही ठाऊक असतं.

त्या आईकडे जरा नीट पाहा. सिनेमात ती आहे कुठे? खिडकीतली सावली, वरच्या मजल्यावरून येणारा खेकसण्याचा आवाज, आणि शेवटी तळघरात खुर्चीवर बसवलेलं प्रेत. तो आवाजही कुणा एकीचा नाही, दोन-तीन जणांच्या आवाजांची ती सरमिसळ आहे. तिच्याबद्दल जे काही कळतं ते शेवटी एक मानसोपचारतज्ज्ञ सांगतो: हेकट, मुलाला घट्ट धरून ठेवणारी बाई. एका बाईचं अख्खं आयुष्य परक्या पुरुषाच्या दोन वाक्यांत संपतं. मला हे कायम खटकत आलं आहे.

मालिकेचे कर्ते कार्लटन क्यूज आणि केरी एरिन यांनी नेमकी हीच जागा धरली. २०१३ ते २०१७, पाच सीझन, पन्नास भाग. काळ आजचा, हातात स्मार्टफोन, गाव ओरेगॉनमधलं. टेकडीवरचं ते घर मात्र जुन्या घराबरहुकूम पुन्हा उभारलेलं. आणि त्या घरात व्हेरा फार्मिगानं केलेली नॉर्मा, म्हणजे नॉर्मनची आई: बडबडी, तापट, हट्टी, मधूनच खळखळून हसणारी. लहानपणी सख्ख्या भावाकडून अत्याचार सोसलेली. नवरा गेल्यावर विम्याच्या पैशातून मोटेल विकत घेऊन नव्यानं संसार मांडू पाहणारी. नवरा कसा गेला, हे तिला माहीत आहे. भान हरपलेल्या अवस्थेत नॉर्मननंच त्याला मारलं आणि तिनं ते झाकलं.

माझ्या मते खरी भीती इथे आहे. आईला सगळं माहीत आहे आणि तरी ती पोराला पाठीशी घालते. 'बाहेर कळता कामा नये' हे वाक्य आपल्याकडच्या किती घरांत मनाच्या आजारावर पांघरूण घालायला वापरलं जातं! म्हणून ही अमेरिकन बाई मला परकी वाटली नाही. चौथ्या सीझनमध्ये ती अखेर मुलाला उपचारांसाठी दाखल करते. तो खर्च परवडावा म्हणून शेरीफ रोमेरोला लग्नाची गळ घालते, कारण त्याच्याकडे आरोग्य विमा आहे. विम्यासाठी केलेल्या त्या लग्नात तिला आयुष्यात पहिल्यांदा सुख सापडतं. आणि ते सुख नॉर्मनला सहन होत नाही. रात्री तो भट्टीचा विषारी वायू घरभर सोडतो. तो वाचतो, ती जाते. ती मरणार हे पहिल्या भागापासून माहीत असूनही तो भाग पाहताना माझ्या घशाशी आवंढा आला होता. आपल्याकडे 'रात्रीस खेळ चाले'च्या दुसऱ्या पर्वात अण्णा नाईक जिवंत होऊन समोर आले, तेव्हा त्यांचा शेवट माहीत असूनही लोक खिळून बसलेच होते ना?

नॉर्मन झालेला फ्रेडी हायमोरही तितकाच तोलामोलाचा. शेवटच्या सीझनमध्ये तर फार्मिगा त्याच्या डोक्यातली आई होऊन वावरते आणि दोघं एकाच माणसाच्या दोन बाजू रंगवतात.

मालिकेत फापटपसारा नाही असं मुळीच नाही. सुरुवातीच्या सीझनमधला गांजाच्या धंद्याचा सगळा गुंता निव्वळ भरणा आहे. भाग भरायचे म्हणून गाव गुन्हेगारीनं भरून टाकलं की मूळ घर मागे पडतं. ते भाग पळवत पाहिले तरी काही बिघडत नाही.

पण पाचव्या सीझनमध्ये मॅरियन क्रेन, म्हणजे सिनेमातली जेनेट लीची भूमिका, मोटेलवर येते तेव्हा मालिकेनं दाखवलेल्या हिमतीला माझी मनापासून दाद आहे. ही मॅरियन रिहानानं केली आहे. ती शॉवरखाली उभी राहते, आपण श्वास रोखतो, आणि काहीच होत नाही. ती अंघोळ करून निघून जाते. त्याच शॉवरमध्ये नंतर मरतो तो तिला फसवणारा सॅम लूमिस. मूळ सिनेमा कोळून प्यायलेल्या माणसालाच असा बदल सुचू शकतो.

शेवटाबद्दल मात्र माझं भांडण आहे. सिनेमातला नॉर्मन जिवंत राहतो, कोठडीत, आईच्या आवाजासह. मालिकेतला नॉर्मन सुरी घेऊन सावत्र भावाच्या, डिलनच्या अंगावर धावतो, आणि डिलनला गोळी झाडावी लागते. इथपर्यंत मला पटलं, कारण भावाकडून सुटका मागणं हे त्या मुलाला शोभणारं आहे. पण त्यानंतर मायलेकांची जी स्वप्नवत गळाभेट दाखवली आहे, ती नको होती. पन्नास भाग जे प्रेम इतकं गुंतागुंतीचं ठेवलं, ते तिथे एकदम गोड करून टाकलं आहे. डिलनच्या चेहऱ्यावरच मालिका संपायला हवी होती.