खुलासा : बुडाली ती 'कॉन्डोर' वेगळी

"१८८२ मध्ये अलेक्झांड्रियाला गाजलेली ब्रिटिश तोफनौका 'कॉन्डोर' १९०१ मध्ये पॅसिफिकमध्ये बेपत्ता झाली," असा मजकूर जुन्या फोटोसह फिरतोय. नावं बरोबर, तारखाही बरोबर. पण जहाजं दोन आहेत.

पहिली 'कॉन्डोर' १८७६ मध्ये डेव्हनपोर्टला पाण्यात उतरली. लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, वाफेच्या इंजिनाच्या जोडीला शिडं. तोफा मोजून तीन, त्याही तोंडातून ठासायच्या. एवढ्याशा बळावर ११ जुलै १८८२ रोजी, ब्रिटिश आरमार इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियावर तोफा डागत असताना, तिचा कप्तान लॉर्ड चार्ल्स बेरेसफर्डने ती थेट तिथल्या माराबूत किल्ल्याजवळ नेली. (धाडस की आगाऊपणा, हे ज्याचं त्याने ठरवावं.) ताफ्याचा प्रमुख अॅडमिरल सीमोरच्या जहाजावरून निशाणांनी "शाब्बास, कॉन्डोर" असा संदेश आला आणि नाव घरोघरी पोचलं.

ही नौका १८८९ मध्येच विकली गेली. बुडालेली 'कॉन्डोर' ही १८९८ मध्ये शीरनेसला बांधलेली नवी स्लूप, म्हणजे छोटी युद्धनौका. डिसेंबर १९०१ मध्ये कॅनडातल्या एस्क्विमॉल्टहून निघाली आणि व्हॅंकुव्हर बेटाजवळच्या वादळात सर्व खलाशांसह गेली. ब्रिटिश आरमार गाजलेली नावं नव्या जहाजांना पुन्हा देतं, घोळ तिथेच झालाय. पोस्ट पुढे पाठवली असेल तर एवढी दुरुस्ती जोडा.