‘क्लोरीन तर जंतू मारतो’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

जंगलातल्या मातीतले सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थाला क्लोरीन जोडतात, या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत : "क्लोरीन जंतू मारतो हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. जंतूच क्लोरीन लावतात म्हणे! एसीत बसून लिहिण्यापेक्षा अंजनेरीला जाऊन माती हातात घ्या. आणि द्राक्षवाल्याला याचा उपयोग काय?"

भाऊ, मतभेद असू द्या, पण ते ‘म्हणे’ आणि ‘एसीत बसून’ कशाला? मातीचे नमुने काढण्यात आणि तपासण्यात माझी बावीस वर्षं गेली आहेत. समजलं नाही तर विचारावं, हिणवू नये.

एक चूक कबूल. लेखात दोन ठिकाणी ‘क्लोराइड’च्या जागी ‘क्लोरीन’ पडलं होतं, ते दुरुस्त केलंय. पण तेवढ्याने आपलं म्हणणं खरं ठरत नाही.

विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली की पाण्यात हायपोक्लोरस आम्ल तयार होतं, आणि जंतू मारतं ते हे आम्ल. मातीत असतो तो क्लोराइड, मिठातला. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यापावसाबरोबर तो रानात पोचतो आणि कुणाला मारत नाही. आता वरचा सुका पाला बाजूला सारा. खाली अर्धवट कुजलेली, एकमेकांना चिकटलेली पानं आणि त्यांतून गेलेले पांढरे धागे दिसतील. ती बुरशी. काही बुरश्या क्लोरोपेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम पेशीबाहेर सोडतात. ते हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून क्लोराइडपासून तेच हायपोक्लोरस आम्ल बनवतं, पण अगदी थोडं, आणि ते शेजारच्या ह्यूमसवर (कुजलेल्या पाल्याच्या काळ्या अंशावर), लिग्निनवर (लाकडाला कडकपणा देणाऱ्या पदार्थावर) लगेच खर्ची पडतं. क्लोरीन त्यांना जोडला जातो तो असा. माती आम्लधर्मी असेल तर एन्झाइम जोमात चालतं. कॅल्डॅरिओमायसेस फ्युमॅगो या बुरशीतून ते स्फटिकरूपात वेगळं केल्याचं १९६६ साली छापून आलंय. ऐकीव गोष्ट नव्हे ही.

टायफॉइडवरचं क्लोरँफेनिकॉल तरी ऐकलं असेल ना? १९४७ साली व्हेनेझुएलाच्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसेस या जिवाणूपासून ते मिळालं. त्याच्या प्रत्येक रेणूत क्लोरीनचे दोन अणू आहेत, आणि ते त्या जंतूनेच बसवलेले. शाळकरी पोराला हेही सांगा.

राहिली अंजनेरी. माती हातात घेऊन बुरशी दिसेल, जोडलेला क्लोरीन दिसणार नाही. तो मोजावा लागतो. वाळवलेली माती बारीक करून आम्लयुक्त पोटॅशियम नायट्रेटच्या द्रावणाने धुवायची, म्हणजे चिकटलेला क्लोराइड सुटतो. धुवणात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर पांढुरकेपणा येईनासा झाला की धुणं थांबवायचं. मग ती ऑक्सिजनमध्ये सुमारे १००० अंश सेल्सिअसला जाळायची आणि निघालेलं हायड्रोजन क्लोराइड चांदीच्या आयनांनी मोजायचं. धुण्यात घाई केली की उरलेलं मीठच ‘सेंद्रिय क्लोरीन’ म्हणून मोजलं जातं आणि आकडा फुगतो. ही जोडणी सूक्ष्मजीवच करतात का, हे स्वीडनमध्ये मातीत किरणोत्सारी क्लोरीन-३६ टाकून तपासलंय. माती निर्जंतुक केली किंवा तिचा ऑक्सिजन तोडला की जोडणीचा वेग घसरतो. पूर्ण थांबत नाही, कारण थोडी जोडणी निव्वळ रासायनिक क्रियेनेही होते.

द्राक्षाचा प्रश्न वेगळा आहे. वेलीला क्लोराइड सोसत नाही म्हणून बागेत एमओपी (पोटॅशियम क्लोराइड) या खताऐवजी एसओपी (पोटॅशियम सल्फेट) देतात, हे आपल्याला माहीत असणारच. लेख जंगलावर होता.