फेल्युअर का नाही? सहा आठवड्यांच्या बेंचबद्दलच्या आक्षेपांना उत्तर

भाऊ, तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांबणार. माझ्या सहा आठवड्यांच्या बेंच प्रेसच्या (बाकावर उताणं पडून रॉड छातीवरून वर ढकलायचा) प्रोग्रामवर तुमचं म्हणणं असं: आठवड्यातून दोनदाच बेंच, एकही सेट (सलग मारलेले रेप्स; रेप म्हणजे रॉड एकदा खाली-वर) फेल्युअरपर्यंत, म्हणजे पुढचा रेप निघेनासा होईपर्यंत नाही, शेवटच्या आठवड्यात तर वजनच कमी, हा आळशांचा प्रोग्राम झाला. तुमच्या भुसावळच्या जिमात सोमवारी छाती फुटेस्तोवर मारतात. आणि आजोबा नुसत्या दंड-बैठकांवर पहिलवान झाले, त्यांना कुणी कमाल वजनाची टक्केवारी शिकवली नव्हती.

आधी सोमवारचं बघू. जळगाव काय, धुळे काय, सोमवारी संध्याकाळी बेंच रिकामा सापडत नाही. एक गडी रॉडखाली, दुसरा डोक्याशी सपोर्टला. सहाव्या रेपला रॉड अडकतो. मग सपोर्टवाला ‘तुझाच आहे भो, तुझाच आहे’ म्हणत दोन्ही हातांनी तो वर ओढत राहतो. नंतर गडी ऐटीत सांगतो, दहा मारले. त्यातले शेवटचे पाच त्याचे किती आणि सपोर्टवाल्याच्या पाठीचे किती, हे देवच जाणे. छाती दोन दिवस ठणकते हे मान्य. पण ठणका म्हणजे ताकद वाढली असं नाही.

सहा आठवड्यांत स्नायू फार काही फुगत नाहीत. त्या मुदतीत वाढतो तो सराव: आहे त्या स्नायूंकडून जड वजनाला एका दमात पूर्ण जोर काढून घेण्याचा. म्हणून रेप स्वच्छ हवा. खांद्याची पाती मागे-खाली आवळलेली, तळपाय जमिनीत रोवलेले, रॉड दर वेळी छातीच्या त्याच जागेवर टेकणार. फेल्युअरला यातलं काहीच टिकत नाही. ढुंगण बेंचवरून उठतं, कोपरं बाहेर पसरतात, रॉड वाकडा जातो आणि तुम्ही नेमका तोच वाकडा रेप घोटत बसता. एक-दोन रेप्स शिल्लक ठेवून सेट थांबवायचा तो यासाठी. दोन सेटमध्ये तीन ते पाच मिनिटं बसायचं. लोक हसले तर हसू द्या.

समजा तुमचा एक रेपचा कमाल आकडा ८० किलो आहे. जड दिवशी पहिल्या आठवड्यात ६० किलोवर पाच रेप्सचे पाच सेट. हे सोपं वाटेल आणि तसंच वाटायला हवं. पुढे ६२.५, मग ६५ वर चार-चार रेप्स, ६७.५ वर तीन-तीन आणि पाचव्या आठवड्यात ७२.५ वर दोन-दोनचे फक्त तीन सेट. दुसरा दिवस हलका: ५२.५ ते ५५, दर रेपला रॉड छातीवर एक सेकंद थांबवून. सहाव्या आठवड्यात एकदाच ६० वर थोडे तीन-तीन, दोन-तीन दिवस आराम, मग चाचणी: ७५, ८०, आणि जमलं तर ८२.५ किंवा ८५. तुम्हाला खटकलेला तो हलका आठवडा इथे कामाला येतो. थकवा चार-पाच दिवसांत उतरतो, ताकद इतक्या लवकर उतरत नाही. सहा आठवड्यांत २० किलो वाढवून देतो म्हणणाऱ्यापासून मात्र लांब राहा.

आजोबांच्या दंडांपुढे मी हात जोडतो. पण दंडात वजन तुमच्याच अंगाचं. पन्नासाचे दोनशे झाले की वाढतो तो मुख्यतः दम, आणि कुस्तीला तो लागतोच. रॉडवर अडीच किलो वाढवायचे तर रॉडखालीच जावं लागतं. दंड सोडू नका, फक्त जड दिवसाच्या आदल्या संध्याकाळी शेकडो मारू नका.

टक्केवारीवर तुम्ही हसलात, पण माझी खरी काळजी वेगळीच आहे. तुमच्या जिमातला रॉड २० किलोचाच आहे कशावरून? ऑलिंपिक रॉड २० चा. गावोगावच्या जिमांतला साधा सरळ रॉड बराच हलका असतो. धान्याच्या किंवा कापसाच्या काट्यावर एकदा ठेवून बघा, मग आकडे मांडा. सव्वा किलोच्या दोन प्लेट नसतील तर मालकाच्या मागे लागा. पाच-पाच किलोच्या उड्यांनी हा प्रोग्राम चौथ्या आठवड्यातच अडकेल.

‘डाळ-भाकरीवर बेंच वाढत नाही’ हेही तुम्ही लिहिलंय. ७० किलोच्या माणसाला रोज साधारण ११० ग्रॅम प्रथिनं पुरतात. लिटरभर दूध, चार अंडी, ५० ग्रॅम सोया वड्या यांतून ८० च्या आसपास होतात. बाकीची प्रथिनं डाळ आणि कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी भरून काढतात. प्रोटीन पावडरचा डबा घ्यायचा तर घ्या, अडून काही राहत नाही.

मे महिन्यात हे करणार असाल तर पहाटेच. पत्र्याखालच्या जिमात संध्याकाळी सहालाही भट्टी पेटलेली असते, तिथे ७२.५ चं ओझं ८० सारखं लागतं. आणि एकटे असाल तेव्हा रॉडला प्लेट अडवणारी क्लिप लावू नका, अडकलात तर एका बाजूला कलवून प्लेट सांडता आल्या पाहिजेत. अंगठा मात्र रॉडभोवती हवाच. सुरू कराल तेव्हा रॉडचं काट्यावरचं वजन कळवा, तुमचे आकडे मी त्यावरून मांडून देतो.