पुरे झाली ती केळ्याची साल

गुलाबाला काहीही झाले तरी मातीत केळ्याची साल पुरा, हा सल्ला ज्या कोणी पहिल्यांदा दिला असेल, त्याच्या कुंडीत जन्मभर चिलटेच घोंगावोत. पान पिवळे पडले, साल पुरा. कळी उमलण्याआधीच करपली, साल पुरा. फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली वाळत निघाली, तरीही सालच, आणि फार तर जोडीला गाळणीतली चहापत्ती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! सालीत पालाश, म्हणजे पोटॅशियम, असतो हे मान्य. पण ती कुजल्याखेरीज तो झाडाला मिळत नाही, आणि मुळात पालाश कमी पडला आहे हे या मंडळींना कोणी सांगितले?

पान पिवळे पडले असे म्हटल्यावर कोणते पान, हा साधा प्रश्न विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. खालची जुनी पाने सरसकट पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र कमी पडलेले असते. त्यांवर कडा फिसकारलेले काळे डाग असतील तर ती काळ्या ठिपक्यांची बुरशी होय. पान सलग 7 तासांच्या आसपास ओले राहिले की ती रुजते, म्हणूनच पावसाळ्यात झाडे बोडकी होतात आणि म्हणूनच गळलेली पाने कुंडीत सडू न देता उचलून टाकायची असतात. याउलट शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसत असतील, तर झाडाला लोह मिळत नाही असे समजावे. आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या मातीत, त्यातही बोअरच्या जड पाण्यावर, हे सर्रास घडते, कारण मातीचा सामू (पीएच) साडेसातच्या वर गेला की मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. अशा वेळी चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपातले लोह, द्यावे, तर हे महाभाग अंड्याची टरफले घालायला सांगतात! चुन्याने बेजार झालेल्या झाडाला आणखी चुना. टरफले मातीत लवकर विरघळत नाहीत, हेच त्यातल्या त्यात झाडाचे नशीब.

पानांतला रस शोषणाऱ्या लाल कोळ्याच्या बाबतीत तर संतापाला पारावार राहत नाही. उन्हाळ्यात पानांवर बारीक फिकट टिपके पडतात, पाने धुरकट दिसू लागतात, पालथ्या बाजूला जाळी होते; पण पान उलटून पाहतो कोण? औषधाच्या दुकानात गेले की दुकानदार न विचारताच इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची बाटली पुढे सरकवतो. अहो, कोळी हा 8 पायांचा जीव आहे, कीटक नव्हे! त्या औषधाने तो मरत नाही. उलट त्याला खाणारे मित्रकीटक मात्र मरतात आणि कोळी बेसुमार वाढतो. पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारला तर निम्मे काम फुकटात होते, परंतु फुकटातल्या कामात दुकानदाराला रस असण्याचे कारण नाही. कडुनिंबाचे तेल सुचवणारेही काही कमी नाहीत, मात्र लिटरभर पाण्याला 5 मिली तेल आणि त्यासोबत थोडे साबणाचे पाणी, हे वाक्य पुरे करण्याआधीच ते दुसऱ्याच्या बागेकडे वळतात. साबणाशिवाय तेल पाण्यावर नुसते तरंगते, आणि भर दुपारी फवारले तर पाने भाजून निघतात.

आणि रोपवाटिकांबद्दल काय बोलावे! कलमाचा जोड मातीत गाडलेले रोप बिनदिक्कत विकायचे, आणि पुढे जोडाच्या खालून खुंटाचा, म्हणजे ज्या मुळाकडच्या झाडावर कलम बांधले त्याचा, फुटवा तरारून वर आला, की वरच्या चांगल्या वाणाचे अन्न तो ओरबाडून घेतो हे गिऱ्हाइकाला कळू द्यायचे नाही. ‘दादा, हे खालून काय फुटलंय?’ असे विचारले, तर उत्तर मिळते, ‘वाढतंय ना साहेब? मग खत घाला.’ तो फुटवा वरवर न कापता बुडापासून ओढून काढावा लागतो, एवढे सांगायला त्या माणसाला अर्धे मिनिटही लागले नसते. त्याऐवजी त्याने मला टॉनिकची बाटली विकली, आणि वर पिशवीत घालून देताना म्हणाला, ‘घरी केळ्याची साल असेल तर तीही टाका.’